अप्पांची बसायची जागा

१८ जानेवारी. आजचं काम: अप्पांना त्यांची जागा दाखवायची, पसंत पडली तर तिथल्या सेक्रेटरींना पक्कं सांगायचं आणि ऊन चढायच्या आत घरी परतायचं.

अप्पा म्हणजे माझे वडील. धडधाकट आहेत असं म्हणता येणार नाही, पण आहेत, आणि आपली व्यवस्था आपल्या डोळ्यांदेखत लागावी असा त्यांचा हट्ट आहे. मला तो पटतो. माणूस गेल्यावर घरात कुणाला धड चहा मिळत नाही, तिथं जागा कोण शोधणार?

आम्ही लिंगायत वाणी. मूळ सांगलीकडचे, पण कित्येक पिढ्या हुबळीच्या बाजारात आहोत. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. समाजाची रुद्रभूमी आहे. आई तिथंच आहे, काकाही तिथंच. अप्पांना मात्र तिथं जायचं नाही. आमच्या घरातून फौजेत गेलेले ते एकटेच. त्यांना हवी होती धारवाडच्या अंगाला असलेली जुनी लष्करी दफनभूमी.

"आई तिकडं एकटी पडेल," मी एकदा म्हणाले होते.

"एकटी कुठली? जावांच्या मधोमध आहे. तिला माझी आठवणसुद्धा यायची नाही." मग म्हणाले, "पोरी, तिकडं सगळे दुकानदार. त्यांच्यात मी जन्मभर सुट्टीवर आल्यासारखा राहिलो. आता तरी माझ्या माणसांत जाऊ दे."

मी फोनवरून जागा धरून ठेवली.

हुबळीच्या नवनगरातून निघालो तेव्हा धुकं इतकं होतं की रस्ता आपल्यापुरताच बनतोय आणि मागे विरतोय असं वाटत होतं. पुढची बस दिसायच्या आधी तिचे दिवे दिसत, मग नुसता एक पिवळा डाग, मग काहीच नाही. अप्पा शेजारी कानटोपी घालून डोळे मिटून बसले होते. झोपलेत असं समजून मी रेडिओ बंद केला, तर म्हणाले, "राहू दे. लांबून येतोय असं वाटतंय. बरं वाटतं."

दफनभूमीचं फाटक उघडंच होतं. आत गोऱ्या साहेबांच्या काळातल्या सैनिकांचे दगड आहेत. पावसानं त्यांच्यावरची नावं चाटून नेलीत. कुठं एखादं अक्षर उरलंय, कुठं नुसती तलवारीची मूठ. त्यांच्या पलीकडं आपल्या लोकांच्या रांगा. फौजेतून निवृत्त झालेला आणि घराण्यात पुरायची रीत असलेला कुणीही इथं येऊ शकतो. गवत दवानं पांढरं झालं होतं. पारवे कुठंतरी घुमत होते, पण झाडंच दिसत नव्हती, त्यामुळं तो आवाज जमिनीतून येतोय असं वाटे. अप्पा काठी टेकत दगडांमधून असे चालले जसं काही ओळखीच्या गल्लीतून चाललेत. एकदोन ठिकाणी थांबून त्यांनी मान हलवली. कुणाला, ते मी विचारलं नाही.

माजी सैनिकांच्या मंडळाचे सेक्रेटरी धुक्यातून आले ते आधी मफलर, मग मिशा, मग बाकीचे असे. हे निवृत्त सुभेदार, अप्पा हवालदार. म्हणजे हुद्द्यानं ते वर. अप्पांची पाठ आपोआप ताठ झाली.

"या हवालदार. या अक्का. ही बघा तुमची जागा. रांगेत, अगदी सरळ. शेजारची माझी. मीही धरून ठेवलीय, नंतर कटकट नको."

चुना टाकून आखलेली जागा होती. लांब, अरुंद, नीट. मला आवडली. अप्पा मात्र तिच्याकडं बघतच राहिले.

"ही कुणाची?"

"तुमचीच की."

"मी यात कसा बसणार?"

"बसणार?" सेक्रेटरी हसले. "हवालदार, इथं सगळे आडवे."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. फोनवर सेक्रेटरींनी विचारलं होतं, उंची किती, आणि मी अप्पांची उंची सांगून मोकळी झाले होते. आमच्यात माणसाला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात, गळ्यातलं इष्टलिंग हातात देऊन, ध्यानाला बसल्यासारखं. बसलेल्या माणसाला उंची काय करायची? खड्डा चौरस लागतो, खोल लागतो. जन्म या घरातला, आणि मला सुचलं नाही. आई गेली तेव्हा मी आतल्या बायकांचं बघत होते, खड्ड्याकडं पुरुष गेले होते. हे कारण खरं आहे, पण त्यानं जागा रुंद होत नव्हती.

"चूक माझी," मी म्हणाले. "आता काय करता येईल ते सांगा."

सेक्रेटरींनी मफलर सैल केला. "अक्का, रांग बिघडली तर मंडळ माझं डोकं खाईल. फौजेत कुणी ड्यूटीवर बसून राहिलं तर शिक्षा होते, काय हवालदार?"

"साहेब, म्हणूनच," अप्पा म्हणाले. "सगळी नोकरी उभ्यानं केली. फौजेत उभा, नंतर इथल्या बेलूरच्या कारखान्याच्या गेटवर उभा. आता बसू द्या. माझा बाप बसलाय, आजा बसलाय. आडवं पडायचं असेल तर मग मी जातो बापडा दुकानदारांच्यात."

ते थट्टेत म्हणाले खरे, पण नजर चुन्याच्या रेघेवरून हलत नव्हती. मला दिसलं की या माणसाला इथून परत पाठवलं तर तो काही बोलणार नाही. जेवेल, पेपर वाचेल, आणि त्यानंतर आपल्याला काय हवंय हे कुणाला सांगायचं सोडून देईल.

"किती जागा लागते तुम्हाला?" सेक्रेटरींनी विचारलं.

आमच्या घराण्यात खड्डा ज्याचा त्याच्या पावलानं मोजतात. अप्पांनी मला काठी धरायला दिली, चपला काढल्या आणि दवात अनवाणी उभे राहिले. मग टाचेला अंगठा, टाचेला अंगठा लावत निघाले. मी त्यांचा दंड धरला होता, पण वजन असं काही लागत नव्हतं. धुकं जमिनीलगत वाहत होतं आणि पावलं त्यात बुडून वर येत होती. मागे गवतावर ओल्या हिरव्या खुणा उमटत होत्या. त्या वेळी मला क्षणभर खरंच कळेना की हे आज चाललंय की पुढं कधीतरी व्हायचंय, आणि मी कुणाला धरून चाललेय. पारव्यांचं घुमणं थांबलं होतं.

चुन्याची रेघ आली. अप्पा ती ओलांडून शेजारच्या जागेत गेले. सेक्रेटरींच्या.

"अहो, अहो," सेक्रेटरी म्हणाले. "हवालदार, तुम्ही माझ्या मांडीवर बसताय!"

अप्पा थांबले. आयुष्यात त्यांनी सुभेदाराला बाजूला हो म्हणून सांगितलं नसेल. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग सेक्रेटरींकडं, आणि बसमध्ये शेजारच्याला म्हणावं तसं हळूच कानडीत म्हणाले, "साहेब्र, स्वल्प सरीरी." साहेब, जरा सरका.

सेक्रेटरींच्या मिशा हलायला लागल्या. हसताना त्यांना ठसका लागला, मी पाण्याची बाटली पुढं केली.

"मेल्यावरही सीट द्यायची का मी?"

"वडीलधाऱ्याला देतात," मी म्हणाले. "अप्पा तुमच्यापेक्षा मोठे आहेत."

"तुम्ही दुकानात बसता ना, अक्का? कळतंय." ते रांगेच्या टोकाकडं बघत राहिले. तिथं कंपाउंडच्या भिंतीशी एक कडुनिंब आता धुक्यातून हळूहळू आकाराला येत होता. "माझ्यापुढं कुणी नाही. मी भिंतीकडं सरकतो. सावली तरी मिळेल. पण वरचा दगड सगळ्यांसारखाच, रांगेतच हवा. खाली तुम्ही बसा नाहीतर पत्ते खेळा, मंडळाला काय दिसतंय?"

"मंडळाला विचारावं लागेल ना?"

"मी सांगतो त्यांना. पण अक्का, खुंट ठोकून घ्या. चुना पावसात जातो, आणि माझ्यानंतरचा सेक्रेटरी जागा परत अरुंद करून टाकेल."

अप्पांनी चपला घातल्या नाहीत. तसेच गाडीपर्यंत आले आणि सीटवर बसल्यावर पाय पुसायलाही नको म्हणाले. वाटेत झोपले, या वेळी खरंच. मी रेडिओ लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोकुळ रोडवर एका ओळखीच्या वर्कशॉपमधून लोखंडी खुंट कापून घेतले, हातोडा घेतला आणि दफनभूमीत गेले. ऊन पडलं होतं. अप्पांच्या पावलांच्या खुणा गेल्या होत्या, पण कुठून कुठपर्यंत ते माझ्या ध्यानात होतं. चारी कोपऱ्यांत खुंट ठोकले, हलतात का ते पाहिलं. मग हातोडा बाजूला ठेवून मधोमध मांडी घालून बसले. समोर जुने दगड दिसत होते, त्यांच्यामागं फाटक. तेवढं पाहून घेतलं, साडी झटकली आणि दुकान उघडायला गेले.