पडवीतली सारंगी

रूपालीचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजामागे सारंगी वाजत होती, म्हणून मी निर्धास्त होते. कैऱ्या चिरत बसले होते, हात चिकाने बरबटलेले. फोन खांद्याने कानाशी धरला आणि म्हटलं, बोल गं. ती म्हणाली, "आत्या, बाबा गेले." आणि मागे सारंगी तशीच चाललेली... मला कळेचना. दिनकर असल्याशिवाय त्या घरात सारंगी लावणार कोण?

दिनकर माझा पाठचा भाऊ. त्याची उमेदीची सगळी वर्षं माथेरानच्या एका हॉटेलात गेली. वाढपी म्हणून लागला, पुढे जेवणाच्या हॉलमधली गाणी लावायचं काम त्याच्याकडे आलं. आधी कॅसेटी, मग सीड्या. पाहुणे फर्माईश करायचे, हा लावायचा. सुट्टीला खाली लोधिवलीला घरी उतरला की मला म्हणायचा, "आक्का, नव्या नवरानवरीची गानी लावून लावून कान किटले गं. रातच्याला म्हनतात, तुज्याबिगर जगनार नाय. आन् सकाळी घोड्यावर आदी कोन बसनार म्हनून भांडतात." त्याला स्वतःला आवडायची सारंगी. कुणी मोठा पुढारी वारला होता, तेव्हा रेडिओवर दुखवट्याची म्हणून दिवसभर तीच लागली होती. मॅनेजर म्हणाला, बंद कर, पाहुण्यांचं जेवण बेचव होतंय. याने हॉलमधलं बंद केलं आणि कोठीच्या खोलीत रेडिओ पोत्यावर ठेवून कान लावून बसला. तेव्हापासून लागलेलं वेड ते. पण ऐकायला मिळायची कुठे?

मग फुप्फुसं निकामी होत गेली. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढतच जाणार. नोकरी सुटली, घरी ऑक्सिजनचं मशीन आलं, नाकात नळी आली आणि माजघरातल्या खाटेवर हा माणूस पडून राहिला. रूपाली त्याची एकुलती एक लेक, पनवेलला नोकरी करते. तिने ते इंटरनेटचं यंत्र आणलं. राऊटर म्हणतात त्याला, आम्ही आपली डबीच म्हणायचो. साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी, आत सिमकार्ड, आतच बॅटरी, वर एक दिवा. तिच्यातून नेट फोनमध्ये, फोनमधून गाणं छोट्या स्पीकरवर. दिनकर नळीसकट उठून बसला. "लावायचं मीच," म्हणाला. "कोनी मदी हात घालायचा नाय." इतकी वर्षं दुसऱ्यांच्या आवडीचं लावलं ना त्याने.

पण घर दगडी भिंतींचं, आणि टॉवर तिकडे चौक गावाच्या, माझ्या सासरच्या बाजूला. डबी माजघरात ठेवली की दिवा लाल. देव्हाऱ्याशी ठेवून पाहिली, फळीवर ठेवून पाहिली, रूपालीने तर दोरीने वाशाला टांगली. लालच. फक्त पडवीच्या खिडकीत ठेवली की हिरवा व्हायचा, पण मग आत खाटेपर्यंत नेट धड पोचायचं नाही. गाणं जरा वाजायचं आणि अर्ध्या सुरावर अडायचं. दिनकर म्हणाला, "हिला पन माज्यासारकीच धाप लागली गं." हसलो आम्ही, पण त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. बाहेर वाजवून आत ऐकावं, तर मशीनच्या घरघरीत काय ऐकू येणार? शेवटी तो म्हणाला, "माजी खाट पडवीत न्या."

सुमन, माझी भावजय, हातातला तवा खाली ठेवून आली. "नाय न्यायची."

आमच्याकडे माणसाचं फार झालं की त्याला पडवीत आणतात. लोकांना टेकता येतं, तोंडात पाणी घालता येतं. आमची आई तिथूनच गेली, बाबाही. "तितं नेलेलं मानूस परत आत आलंय का, वन्सं? तुमीच सांगा त्यांना," सुमन म्हणाली. दिनकर म्हणाला, "आत ऱ्हायलो म्हनून चुकनार हाय का ते?" तिने महिनाभर खाट हलू दिली नाही. तो फोन उशाशी घेऊन अडत अडत ऐकायचा. मग तेही सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडायचा, भाताला हात लावायचा नाही. एका सकाळी मी गेले तर सुमन स्वतःच खाटेचं टोक धरून उभी. "दुसरं टोक धरा, वन्सं," म्हणाली. "जेवत तरी नायत."

पडवीत तो परत माणसात आला. मशीनची वायर खिडकीतून घेतली, डबी डोक्याशी. पहिल्याच दिवशी सारंगी लागली आणि शेजारच्या यमुनाकाकी तोंडाला पदर लावून अंगणात उभ्या. पडवीत खाट, वर सारंगी, त्यांनी जे समजायचं ते समजलं. हुंदका काढला तसा खाटेवरून आवाज आला, "काकी, वर या. च्या घ्या. मी हाय अजून." काकी भडकल्या. "मेल्या, मग कायतरी चांगलं लाव की." आणखी दोघं-तिघं असेच फसले. मग आळीला सवय झाली. सारंगी ऐकू आली की म्हणायचे, दिनू उठला वाटतं.

वैशाखातली ती दुपार. वारा सुटला, झाड तारांवर पडलं आणि वीज गेली. मशीन बंद. घरातला ऑक्सिजनचा सिलिंडर लावला, पण त्यात उरलेलं किती पुरणार? दिनकरचा चुलत पुतण्या दुसरा आणायला टेंपो घेऊन गेला, तो वाटेतच अडकला. डबीला मात्र आतली बॅटरी. हिरवा दिवा तसाच, सारंगी तशीच. श्वासाचं यंत्र थांबलं आणि गाण्याचं चालू राहिलं... नेट तिथेच, म्हणून सुट्टीला घरी आलेली रूपाली त्याच्या डोक्याशी उभी राहून फोनवर फोन लावत होती. समोरच्याला ऐकू जाईना, म्हणून गाणं बंद करायला तिने हात पुढे केला, तर त्याने तिचं मनगट धरलं. बोलता येत नव्हतं. नुसतं धरून ठेवलं. मग पकड सुटली. सुमन पायाशी बसून होती, तिच्या तोंडून आवाजही फुटला नाही. आणि शेजारून कुणी आलं नाही. येणार कसं? मी चौकहून रिक्षाने पोचले तेव्हा यमुनाकाकी आपल्या दारात भांडी घासत होत्या. म्हणाल्या, "आलीस व्हय गं? तुजा भाऊ दुपारपासनं लावून बसलाय बघ."

आता भेटायला येणारं माणूस खाटेकडे बघून म्हणतं, "शेवटी पडवीत आनलं व्हतं वाटतं." सुमन दरवेळी तेच सांगते, "आनलं नव्हतं. गानी आयकायला आले व्हते भायेर." खाट देऊन टाक, असं सगळे सांगतात. तिने दिली नाही. त्या खाटेवर कुणी बसत नाही, सतरंजीवरच टेकतात. ती मात्र तिथेच झोपते. परवा मी विचारलं, आत का नाही झोपत गं? म्हणाली, "महिनाभर त्यांना आत कोंडून ठेवलं मी, वन्सं. त्या भिंतीकडं बगवत नाय." मी म्हटलं, तू त्याला जपत होतीस. तिने मान हलवली. "मी लोकांच्या तोंडाला भ्याले." ती जरा सरकली आणि खाटेवर माझ्यासाठी जागा केली. मी बसले.