नाक काय म्हणते?

“सायनस तर सगळ्यायलेच असते बापा. नाक आहे तिथं सायनस आहे. तुले सर्दी झाली काय, ते सांग.”

कुणी “डॉक्टर, मले सायनस आहे” म्हणत दवाखान्यात शिरला की आमच्या डॉक्टरांचं हे उत्तर ठरलेलं. तुमच्याही ओळखीत असतील असे लोक, दोन शिंका आल्या की सायनस झाला म्हणणारे. आमच्या महाल भागात तर ते गल्लीगल्लीत होते. डॉक्टर त्यांना उभं करत, कमरेतून खाली वाकायला लावत आणि विचारत, “तोंड जड पडते का? गालात ठणकते का?” मग डोळ्याखालचं हाड अंगठ्यानं दाबत. पेशंट ओरडला नाही की निकाल लागला. “सर्दी आहे. वाफ घे, आराम कर. जाईन आठ-दहा दिवसांत.”

माझं औषधांचं दुकान त्यांच्या दवाखान्याला लागून. आता तुम्हीच सांगा, अशा डॉक्टरच्या शेजारी दुकान मांडणाऱ्यानं करावं काय? थंडीच्या दिवसांत बाकीचे केमिस्ट मान वर करत नसत आणि मी माशा मारत बसलेला. एकदा चिडून म्हटलं, “डॉक्टर, शेंबूड पिवळा झाला तरी तुम्ही अँटिबायोटिक लिहीत नाही?”

“रंगावर काय जातं गा? साध्या सर्दीतही पिवळा होते,” ते म्हणाले. “दहा दिवस झाले तरी ओसरून नाही राहिली, नाहीतर बरी होता होता एकदम उलटली, ताप चढला, एका बाजूचा गाल दुखून राहिला, तर मंग ते सर्दी नाही राहिली.”

संध्याकाळी दवाखाना बंद करून ते फिरायला निघत. म्हणायला फिरणं. ज्यांना “सर्दी आहे, थांबा” म्हणून परत पाठवलं असेल, त्यांच्या घरासमोर उभं राहून रस्त्यावरूनच हाक मारत, “नाक काय म्हणते?” कुणाचं नाक वाहतंय, हे साऱ्या गल्लीला कळायचं. एकदा एका लग्नात नवरदेव स्टेजवर फोटोसाठी ताठ उभा होता, आणि डॉक्टरांनी आहेराच्या रांगेतून खड्या आवाजात तेच विचारलं. नवरीला हसू आवरेना. पुढचे चार फोटो तसेच आले.

“एवढे काहून फिरता? फोन करा ना,” मी म्हणायचो.

“फोनवर सारे बरंच आहे म्हणतात. गोळी देली असती तर मीही घरी बसलो असतो. नाही देली म्हणून फिरून राहिलो.”

माझ्या दुकानासमोरच्या माडीवर एक काकू शिवणक्लास चालवायच्या. त्यांना सर्दी झाली. डॉक्टरांनी सर्दी म्हटलं, आणि ती होतीही सर्दीच. चार-पाच दिवसांत उतरली. नाक मोकळं झालं, असं काकूंनी गॅलरीतून सांगितलंही. दुसरा कुणी डॉक्टर तिथेच थांबला असता. डॉक्टर त्यानंतरही जाऊन उभे राहिले, तेव्हा काकू गालावर हात धरून बाहेर आल्या.

“नाक बरं आहे, पण वरची दाढ ठणकून राहिली. उद्या काढूनच टाकते.”

डॉक्टर तडक जिना चढले. दुकान रिकामंच होतं, मीही मागोमाग गेलो. काकूंना वाकायला लावलं, तर त्या कळवळल्या. अंगात ताप होता आणि डाव्या डोळ्याची पापणी सुजायला लागली होती. डॉक्टरांचा चेहरा उतरला.

“दाढ नाही वहिनी. आता सायनसच आहे, अन् डोळ्याकडं सरकून राहिलं. भरती व्हा लागते. चला, आत्ताच.”

ऑटो मी आणला. डॉक्टर पायातल्या स्लीपरवरच काकूंसोबत मोठ्या दवाखान्यात गेले.

काकूंचा डोळा वाचला. पण त्यांच्या यजमानांनी भर रस्त्यात डॉक्टरांना सुनावलं, “पहिल्याच दिवशी गोळी देली असती तर काय बिघडलं असतं?” पहिल्या दिवशी साधी सर्दी होती, त्या गोळीचा तिच्यावर काही उपयोग नव्हता, हे डॉक्टर सांगू शकले असते. त्या हिवाळ्यात त्यांच्याकडची गर्दी ओसरली. त्या गॅलरीखाली मात्र ते रोज जात. हाक मारत नसत, नुसते थांबत आणि पुढे जात. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची.

एका संध्याकाळी काकूच बाहेर आल्या. “डॉक्टरसाहेब, हाक काहून नाही मारत? मी रोज वाट पाहून राहते.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि खड्या आवाजात विचारलं, “नाक काय म्हणते?”

पुढे त्यांचे गुडघे गेले. लोक म्हणाले, बसल्या जागी तपासा, फिरता कशाला. मीही तेच म्हटलं. ते मला म्हणाले, “मी लोकायले थांबा म्हणतो. थांबा म्हणणाऱ्यानं पाहायले या लागते. आता मले येता येत नाही, तर कोणत्या तोंडानं थांबा म्हणू?” आणि त्यांनी दवाखाना बंद केला. मुलीकडे पुण्याला गेले. गेल्या वर्षी तिकडेच वारले. फोन आला तेव्हा मी दुकानात होतो. समोर गिऱ्हाईक उभं होतं, तरी मी रडलो.

परवा एक तरुण बाई सासूसाठी अँटिबायोटिक मागायला आली. चार दिवसांची सर्दी, ताप नाही, गाल दुखत नाही. मी म्हटलं, “ताई, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही. अन् ही सर्दीच दिसते. थांबा जरा.”

तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. “थांबते ना भाऊ. पण उलटली तर पाहायले कोण येईन?”

मी तिला घर कुठं ते विचारलं. आणि त्या संध्याकाळी दुकान तासभर आधी बंद केलं.