घशातली फवारणी

हसायचं तर हसा, पण आधी कप खाली ठेवा. मागे हा किस्सा ऐकताना एकाने अख्खा चहा सदऱ्यावर सांडला होता!

लाखनीजवळच्या आमच्या गावात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमची जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. सहा वर्षं मी त्या नाटकांत हवालदार होतो. वाक्य एकच, "साहेब, गाडी आली!" यंदा कुठे बापाची भूमिका मिळाली. कोर्टातलं दीड पानाचं भाषण! ते ऐकायला माझे सासरे खास पवनीहून येणार होते.

आणि आठ दिवस आधी काय झालं? धानाच्या मळणीत भुसा नाकातोंडात गेला अन् घसा खवखवायला लागला. डॉक्टरांनी काडीवर घशातला नमुना घेतला. रिपोर्ट मोबाइलवर आला, तोही इंग्रजीत. मला एवढंच कळलं की घशात जंतू सापडले. दोन-दोन जातींचे! एकेकाचं नाव आमच्या शेतातल्या धानाच्या बांधीपेक्षा लांब!

डॉक्टरला फोन करायला हवा होता ना? पण वाटलं, हा मला भरती करेल आणि माझं भाषण जाईल.

"काय झाला जी?" बायकोने विचारलं.

"माह्या घशात जंतू हायेत."

"मंग?"

"मंग काय! धानावर तुडतुडे आले का आपण काय करतो?"

"फवारतो."

झालं! पहिली फवारणी मीठ-हळदीची. दुसरी तुरटीची. तिसरी लसणाच्या रसाची. चौथ्या दिवशी तर लाल मिरचीचं पाणी! बायको म्हणाली, "आवो, घशाची भाजी करून राहिले का?" पण मी ऐकतो कुठला! दिवसाला दहा-दहा गुळण्या. त्या आवाजाने आमची गाय दूध चोरायला लागली.

मंडईच्या आदल्या दिवशी तालमीत तोंड उघडलं आणि बाहेर आली नुसती हवा. शब्दच नाही! तसाच डॉक्टरांकडे धावलो. खोटं कशाला सांगू, रडू आलं हो मला.

डॉक्टरांनी घशात टॉर्च मारला, फवारणीची सगळी यादी बायकोकडून ऐकली आणि कपाळाला हात लावला.

"काका, धानात कोळी दिसले तर फवारता का?"

मी कागदावर लिहून दाखवलं, 'नाही. कोळी तुडतुडे खातात. कोळी मारले तर तुडतुडे दुप्पट.'

"मंग हे जंतू म्हणजे घशातले कोळी! सगळ्याइच्या घशात राहतेत. वाईट जंतूले जागाच देत नाही. काका, तुमचा रिपोर्ट चांगला आला होता! अन् भुशाचं म्हणाल तर नाकातले केस, शेंबूड, श्वासनळीतली बारीक लव, सगळे त्याले बाहेर ढकलूनच राहिले होते. दोन दिवसांत बरे झाले असते. तुमी आपल्याच रखवालदाराइले मिरची पाजली!"

भाषण गेलं. आमचे दिग्दर्शक दौलतभाऊ यांनी ते यंदाच्या हवालदाराला देऊन टाकलं. मला म्हणाले, "तुले आवाज नाही ना? मंग पह्यल्या अंकातला मुडदा हो तू."

झालो! पांढऱ्या चादरीखाली निजलो. पहिल्या रांगेत सासरे. नाटकातला मुडद्याचा मुलगा "बाबा!" म्हणत माझ्या अंगावर पडला आणि उशाशी लावलेल्या अगरबत्तीचा धूर थेट नाकात शिरला. थोपवायचा म्हणून किती थोपवणार? असा खोकलो की चादर पेटीवाल्याच्या डोक्यावर!

सासरेच ओरडले, "दौलतभाऊ, पह्यले नीट मारा ना थ्याले!"

मग काय, टाळ्या! शिट्ट्या! सहा वर्षांत पहिल्यांदा मला वन्स मोर मिळाला. पडदा पाडून पुन्हा उघडला. मी पुन्हा मेलो, पुन्हा तोच धूर, अख्खा गाव श्वास रोखून बसलेला...

आणि काही केल्या खोकला येईना!