फोन आल्ता

चाचांसमोर ‘फोन आलाच नाही’ असं म्हणायची आमच्या दवाखान्यात कुणाची हिंमत नव्हती. जाड चष्मा नाकावर चढवून ते संगणकापुढे बसत आणि सांगत, “आल्ता. बराबर आल्ता. अकरा वाजून सात मिनटं. पंचवीस सेकंद वाजला अन् बंद झाला.”

जालन्यातल्या त्या खासगी दवाखान्याची फोनयंत्रणा चाचांनीच उभी केली होती आणि तेच ती सांभाळत. संगणकावर चालणारी, फुकट मिळणारी, कुणालाही आतून उघडून बघता येणारी. फोन कुठून आला, कुणाकडे जोडला, किती वेळ वाजला, कुणी उचलला, याची एकेक ओळ तिच्यात आपोआप लिहिली जाई. मी फोनवर बसायचे, आलेला फोन उचलून आत जोडून द्यायचे. रोज सकाळी चाचा आदल्या दिवसाची यादी बोट फिरवत वाचत आणि ज्यांचे फोन उचलले गेले नव्हते, त्यांना स्वतः लावत. “काल आमच्याकडून कोणी बोललं न्हाई, माफ करा. तब्येत कशी हाय?” हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. डॉक्टर हसायचे. मीही हसले आहे.

मग एका दुपारी टेंभुर्णीकडची बाळंतीण आमच्या दारात, जीपमध्येच वारली. नवरा ओरडत होता, निघण्याआधी त्यानं तीनदा फोन केला होता, काय करू ते विचारायला. संचालकांनी सगळ्यांदेखत माझ्याकडे बोट दाखवलं. “हिनं जोडला नाही.” मी तिन्ही वेळा जोडला होता.

चाचा छापलेला कागद घेऊन आले. तिन्ही फोन मी लगेच उचलले होते, डॉक्टरांच्या खोलीत दिले होते. तिथं ते वाजून वाजून बंद पडले होते.

“त्या ओळी काढून टाका,” संचालक म्हणाले.

“काढता येतात, साहेब. पन मी काढनार न्हाई.” आणि चाचांनी तो कागद नवऱ्याच्या हातात दिला.

त्याच आठवड्यात चाचांना काढलं. दवाखान्याची गुप्त माहिती बाहेर दिली, हे कारण. काढल्याच्या पत्रावर साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. मुलगी दहावीला होती, दुसरी नोकरी नव्हती. सबबी पुष्कळ सांगता येतील. मी सही केली. चाचांनी ते पत्र वाचलं, खालचं माझं नाव पाहिलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

तो नवरा कागद घेऊन बरेच दिवस कचेऱ्या हिंडला, पुढे दिसेनासा झाला. डॉक्टर तेच आहेत. नवी यंत्रणा आली. तिची यादी फक्त संचालकांना दिसते. मी फोनवाल्यांची प्रमुख झाले.

मागच्या वर्षी मंठ्याच्या बाजारात चाचा भेटले. मोबाइल दुरुस्तीच्या छोट्या दुकानात बसले होते, बरेच थकलेले. मला बघून त्यांनी स्टूल पुढं सरकवलं.

“बेटा, नोकरी टिकली ना तुझी?”

मी मान डोलावली.

“मंग बस. चहा घे.”

मी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि माफी न मागताच उठले.