लहू परबचं इंग्रजी

लहू परब डिलाईल रोडच्या चाळीत राहायचा. लोअर परळच्या एका गिरणीत त्याने अर्धं आयुष्य साच्यांवर कापड विणलं. त्या धडधडीत त्याचे कान अधू झाले, पण तिथे सगळेच ओठांकडे बघून बोलणं ओळखत, त्यामुळे त्याचं कधी अडलं नाही.

ब्याऐंशीचा संप लांबत गेला. बायको शांता लोकांच्या घरी पोळ्या लाटू लागली. एका कारखान्यात टाइमकीपर हवाय, पण इंग्रजी यायला पाहिजे, असं लहूला कळलं. गिरगावातल्या निवृत्त शिक्षिका सुमतीबाई कोठारे तेव्हा संपकऱ्यांना चाळीखालच्या व्यायामशाळेत इंग्रजी शिकवत. लहू तिथे अगदी पुढे जाऊन बसू लागला.

बाई सांगत, इंग्रजीत दोन शब्द जोडून नवा शब्द होतो आणि जोर बहुधा पहिल्यावर येतो. ब्लॅकबोर्ड म्हणताना ‘ब्लॅक’वर जोर दिला तर तो शाळेतला फळा. ‘बोर्ड’वरही तेवढाच दिला, तर नुसती काळी फळी. बाकीचे ऐकून म्हणत. लहूला फरक ऐकूच येईना, आणि ओठ तर दोन्ही वेळा सारखेच हलत. मग बाईंनी त्याला बाकावर हात ठेवायला सांगितलं आणि बाक वाजवला. टाइम-की-पर. पहिली थाप जड, पुढच्या दोन हलक्या. हाताला ते कळलं, तसा लहू हसला. त्या संध्याकाळी त्याने शांतालाही पोळपाटावर थापा मारून तो शब्द म्हणायला लावला.

मुलाखतीत साहेब कागदात मान घालून प्रश्न विचारत होते. ओठ दिसेनात. लहू ‘सॉरी सर’ म्हणत राहिला. याला इंग्रजी येतच नाही, असं साहेबांना वाटलं.

“कमी ऐकू येतं, हे सांगायचं ना,” सुमतीबाई म्हणाल्या.

“सांगितलं असतं, तर दारात तरी उभं केलं असतं काय, बाई?”

पुढे गिरणी अर्धीमुर्धी चालू झाली. लहूला बोलावणं आलं नाही. तो चौपाटीजवळच्या एका इमारतीत पहाऱ्याला लागला. एकदा फाटकाशी सुमतीबाई दिसल्या, तेव्हा गणवेश झाकावा तसे त्याने छातीशी हात बांधले.

“वॉचमन,” तो पहिल्यावर नीट जोर देऊन म्हणाला. “यातला मॅन गिळून टाकायचा. तुम्हीच शिकवलंत.”



तीही नोकरी टिकली नाही. मालकाची गाडी फाटकाबाहेर हॉर्न वाजवत राहिली आणि लहू पाठमोरा उभा होता. त्याच दिवशी त्याला काढलं. तो वेंगुर्ल्याकडे भावाच्या घरी गेला. शांताची पोळ्यांची कामं इथे होती, म्हणून ती मुंबईतच राहिली.

काही वर्षांनी ती गिरगावात बाईंकडे आली. लहू गेल्याचं तिने सांगितलं. शेवटी त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. गावात कुणी त्याच्याशी बोलायचं नाही, मग त्यानेही बोलणं सोडून दिलं होतं.

“त्यांचा आवाज कसा होता, तेच मी विसरत चाललेय,” शांता म्हणाली.

बाई तिला बसथांब्यापर्यंत पोचवायला गेल्या. बस आली. दोघींनीही ती जाऊ दिली.