वहिनीनं विचारलं होतं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी वहिनीचे असं सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हा आधी आईचं किंवा एखाद्या सरांचं नाव घेईल. त्यांचं देणं मी नाकारत नाही. पण आमच्या घरात पहिल्यांदा कोणी पदवीपर्यंत पोचलं, ते वहिनीमुळं.

वरूडच्या बाजूला आमचं गाव आहे. वडील मी लहान असतानाच गेले, त्यामुळं घर दादावर आलं. दादाची संत्र्याच्या कलमांची नर्सरी होती. जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधायचा, तो जीव धरला की वरचा शेंडा छाटायचा, आणि पुढं कलम तयार झालं की बागवाल्यांना द्यायचं, असं ते काम. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी आठवीत होतो. तिचं माहेर नांदगाव खंडेश्वरचं. बी.ए.चं पहिलं वर्ष झालेलं, दुसऱ्या वर्षाची पुस्तकं घेतलेली, आणि मध्येच लग्न ठरलं. ती पुस्तकं तिच्या पेटीतून आमच्या घरी आली आणि पेटीतच राहिली.

हाफ पँटीतल्या मला ती रीतीप्रमाणं ‘भाऊजी’ आणि ‘तुमी’ म्हणायची. त्याची मला फार ऐट वाटायची. एकदा पाहुण्यांच्या पंगतीत मी मोठ्या माणसासारखा पाटावर येऊन बसलो, तर म्हणाली, “भाऊजी, आंधी नाक पुसा, मंग जेवाले बसा.” सगळी पंगत हसली. आई तिला रागावली, पण आईही हसत होती. माझ्या डोक्याला तेल लावणं, शाळेच्या सदऱ्याला बटण लावणं, संध्याकाळी धडा वाचून घेणं, हे सगळं हळूहळू तिच्याकडं गेलं.

बारावीनंतर दादानं मला अमरावतीला इंजिनिअरिंगला घातलं. ती त्याची हौस होती. त्याला स्वतःला दहावीनंतर शिकता आलं नव्हतं. गावात लोक मला आत्तापासूनच ‘इंजिनेर’ म्हणू लागले. पहिलं वर्ष मी कसंबसं ओढलं. दुसऱ्या वर्षी वर्गात बसलो की फळ्यावरचं काही डोक्यात शिरेना. खोलीवरचे मित्र अभ्यासाला बसले की मी बाहेर फिरायला जायचो. घरी हे सांगायची हिंमत नव्हती. दिवाळीला गावी गेलो तो सगळा वेळ नर्सरीतच बसून काढला.

वहिनी वाफ्यातलं तण काढत होती. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, “भाऊजी, तुमचं मन त्या कालेजात नाही. तोंडावर दिसून राहिलं.”

मी म्हटलं, दादाला काय सांगू? दुसरं वर्ष चालू आहे आता.

“दादाचं मी पाहतो. तुमाले काय पाहिजे ते सांगा.” मी वाफ्यातलं तण उपटू लागलो. तेव्हा हातातलं खुरपं खाली ठेवून ती म्हणाली, “माहं शिक्षण अर्ध्यात सुटलं, तवा मले कोणी इचारलं नोतं. तुमाले मी इचारून राहिली.”

मला शेतकी शिकायची होती. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं बोललो.

दादा चार दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचं म्हणणं, वावर घरचंच असताना शेतकी शिकायला कॉलेज कशाला पाहिजे? वहिनी त्याला म्हणाली, मग लोकांना सांगा, आमच्या पोराची दोन कॉलेजं झाली. शेवटी पुढच्या जूनमध्ये दादा स्वतः माझ्याबरोबर अकोल्याला प्रवेशासाठी आला. येताना बसमध्ये म्हणाला, “आता हे तरी पुरं कर बापा.” त्याच्या आवाजात राग नव्हता.

त्याच सुमाराला नर्सरीचंही बदललं. आमच्या भागात बोअर आटत होते, बागा तुटत होत्या, आणि कलमं न्यायला येणारी माणसं कमी होत चालली होती. वहिनीनं माहेराकडं ट्रेमध्ये भाजीपाल्याची रोपं करताना पाहिलं होतं. तिनं अर्ध्या वाफ्यांच्या जागी सावलीच्या जाळीचं शेडनेट टाकायचं काढलं. संत्र्यावाल्याच्या घरी आता वांग्याची आणि मिरचीची रोपं विकायची काय, असं म्हणून दादानं तिची खूप चेष्टा केली. पण खांब रोवायला पहिला तोच उतरला. दुसऱ्या वर्षापासून लोक सकाळीच दारात गाड्या लावून रोपांसाठी थांबू लागले. त्या दिवसांत घरात मोठं समाधान होतं. त्यांची मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती.

दादा काविळीनं गेला. आधी गावात औषध घेतलं, मग अमरावतीच्या दवाखान्यात नेलं, तोवर उशीर झाला होता. मी तेव्हा अकोल्याला होतो. त्याच्याबद्दल मला याहून जास्त लिहिता येत नाही.

वहिनी पुन्हा शेडनेटमध्ये जायला लागली ती तेराव्यानंतर लगेच. रोपं वाट पाहत नाहीत, असं ती म्हणायची. वर्षभर नर्सरी तिनं एकटीनं ओढली. मी शनिवारी यायचो, रविवारी संध्याकाळी परत जायचो. मुलगी माझ्या पाठीवर बसून सगळ्या नर्सरीत फिरायची.

दादाचं वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्या दिवशी मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आमच्या ओसरीवर येऊन बसले. आईनं मलाही बसायला सांगितलं. आमच्या लोकांत जुनी रीत आहे. मोठा भाऊ गेला आणि धाकटा बिनलग्नाचा असला, तर भावजयीचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, त्याच्याशी लावतात. मोठ्या बाबांनी तेच काढलं. त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, हे मला आजही मान्य आहे. पोरीला बाप मिळेल, बाईला आधार मिळेल, वावर आणि नर्सरी एका घरात राहील. भाऊकीत पूर्वी असं झालेलं होतं आणि ती माणसं सुखानं नांदली होती.

मी विचारलं, वहिनीला विचारलं का?

“बाईले काय इचाराचं?” मोठे बाबा म्हणाले. “तिच्याच भल्याचं हाये.”

मी म्हणालो, वहिनी काय म्हणेल ते आधी कळू द्या. त्यावर आई म्हणाली, ती नाही म्हणायची नाही. आणि खरंच आईला तसंच वाटत होतं, कारण तिनं त्या सकाळीच बांगडीवालीला निरोप पाठवला होता.

वहिनीला ही गोष्ट घरच्या कोणाकडून कळली नाही. बांगडीवाली टोपली घेऊन सरळ नर्सरीत गेली, आणि हिरव्या चुड्यासाठी हाताचं माप द्या म्हणाली.

वहिनी घरी आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले होते. ती ओसरीच्या पायरीशी उभी राहिली. ती रडलीही नाही, ओरडलीही नाही. मोठ्या बाबांसमोर तिचा पदर नेहमी डोक्यावर असायचा, तसाच होता. ती आईकडं पाहून बोलली.

“आई, याइच्या डोक्याले म्या तेल लावलं हाये. आठवीतलं लेकरू होतं हे. मले नाही जमत.”

मोठे बाबा उठून गेले. आईनं विचारलं, “मंग तू या घरात कोण्या नात्यानं राहाशीन?”

“राहूनच राहिली होती ना, आई,” वहिनी म्हणाली.

आमच्या घरात भांडण असं झालं नाही. आईनं तिला जा म्हटलं नाही. पण ती गोष्ट एकदा बोलली गेली आणि सगळं नासलं. मी शनिवारी आलो की नळावरच्या बायका बोलता बोलता थांबायच्या. मी नर्सरीत गेलो की आई मागून मुलीला पाठवायची. वहिनी मला ताट वाढायची ते खाली पाहून. ‘नाक पुसा’ म्हणणारी ती, पण आता तिला माझ्याशी एक हलका शब्द बोलता येईना आणि मलाही तिच्याशी हसता येईना. मी मग शनिवारी यायचं टाळू लागलो. तर लोकांनी त्याचाही अर्थ काढला.

पोळा झाल्यावर तिचा भाऊ न्यायला आला. मी त्या दिवशी घरी होतो. मी तिला म्हटलं, तुम्ही राहा, मीच अकोल्याहून येणं बंद करतो. ती म्हणाली, भाऊजी, तुमचं घर आहे हे, तुम्ही कुठं जाल? तुमचं शेवटचं वर्ष आहे. मी इथं राहिले तर हे लोक वर्षभरानं पुन्हा हेच काढतील, आणि तुमचं कुठं लग्नही जमू देणार नाहीत.

निघताना तिनं मला शेडनेटमध्ये नेलं. कोबीचे कोणते ट्रे कोणाचे, टोमॅटोला पाणी किती, बुधवारी रोपं न्यायला कोण येणार, सगळं दाखवलं. त्यांना ताटकळत ठेवू नका, लांबून येतात, असं सांगितलं. आई स्वयंपाकघरात पाठमोरी बसून होती. वहिनी आत जाऊन तिच्या पाया पडली. आईचा हात उठला का नाही, ते मला बाहेरून दिसलं नाही. मुलगी मामाच्या गाडीवर पुढं बसली आणि मला म्हणाली, काका, शनिवारी येजा.

पदवी मिळाल्यावर मी पुढं शिकायचं ठरवलं होतं. पण आईच्यानं नर्सरी होईना. ट्रे वाळून चालले होते. मी गावी परतलो. वहिनीला हे कळलं तेव्हा तिचा फोन आला. इतक्या वर्षांत तेवढी एकदाच ती माझ्यावर रागावली. “याच्यासाठी घर सोडलं काय म्या?” एवढं बोलून तिनं फोन ठेवला. मग पंधरा दिवसांनी पुन्हा फोन आला, तो मिरचीच्या रोपांवर काय फवारलं हे विचारायला. त्यानंतर आमचं बोलणं रोपांबद्दलच होत आलं. ती अमरावतीला खोली घेऊन राहिली, एका रोपवाटिकेत कामाला लागली, आणि पेटीतली पुस्तकं काढून तिनं बी.ए. पूर्ण केलं. पेढे तिनं भावाच्या हाती पाठवले. आईनं एक पेढा खाल्ला आणि डबा देवापुढं ठेवला.

गेल्या महिन्यात वहिनीचा फोन आला. रोपांचं बोलून झालं. मग ती म्हणाली, अकोल्याला एक शिक्षक आहेत, त्यांची बायको वारली आहे, त्यांनी लग्नाचं विचारलं आहे. पोरीलाही त्यांनी विचारलं. “भाऊजी, तुमचं काय म्हणणं हाये?”

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मी पत्रानं कळवतो म्हणालो. ती हसली. आजकाल पत्र कोण लिहितं, म्हणाली. ते पत्र मी दोन दिवसांनी पाठवलं.

*

वहिनी,

साष्टांग नमस्कार.

फोनवर मी गप्प झालो, त्याचा चुकीचा अर्थ घेऊ नका. तुम्ही मला विचारलं, म्हणून मला बोलता आलं नाही. हे विचारण्याची तुम्हाला काही गरज नव्हती, तरी तुम्ही विचारलं. माझं म्हणणं असं आहे की तुम्ही हे लग्न करावं. त्यांनी तुम्हाला विचारलं आणि पोरीलाही विचारलं, एवढं ऐकून मला त्या माणसाबद्दल दुसरी चौकशी करावीशी वाटली नाही.

वाईट वाटत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. तुम्ही गेल्यापासून मी मनात धरून होतो की कधीतरी तुम्ही पोरीला घेऊन परत याल, आणि नर्सरी तुमच्या हाती देऊन मी पुढं शिकायला जाईन. आता ते होणार नाही. ती माझी आशा होती, तुम्ही तसं कधी म्हटलं नव्हतं. मीही तुम्हाला कधी विचारलं नाही.

आईला मी सांगितलं. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर तिनं विचारलं, पोरीले कोणत्या शाळेत घालते म्हणते? मी म्हटलं, मला माहीत नाही. तर म्हणाली, इचारून घे. म्हणून विचारतो. उत्तर आईच्या फोनवरच सांगा. ती उचलेल असं मला वाटतं, पण खात्री देत नाही.

दादाच्या हातची कलमं अजून मागच्या बांधाला आहेत. यंदा चांगली लागली आहेत. पोरीच्या नावानं संत्र्यांची एक पेटी अकोल्याला आणून देईन. तिच्या बापाची झाडं आहेत, तिला माहीत असावं.

एक विचारायचं आहे. लग्नानंतरही मी तुम्हाला वहिनीच म्हणत जाईन, मला दुसरं काही म्हणता यायचं नाही. त्यांना ते चालेल का, एवढं त्यांना विचारून ठेवा.

तुमचे,
भाऊजी