सुपडूभाऊंच्या बिनलेबलाच्या बाटल्या

सुपडूभाऊ कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरले की आधी ओट्यावरच्या बाटल्या बघत. मधाची असो, जॅमची असो, गुलाबपाण्याची असो, उचलून लेबलाचा कोपरा नखाने हलकेच खरवडत आणि ते कशाने निघेल याचा तिथल्या तिथे निकाल देत. "हाई पानीमा निंघी." किंवा मग, "हाई तेल मांगी." आमच्याकडे ते पहिल्यांदा आले ते नळाचा वॉशर बदलायला. वॉशर राहिला बाजूला आणि माझी निम्मी भरलेली सॉसची बाटली हातात धरून त्यांनी विचारलं, "ताई, हाई कधी रिकामी व्हई?" मी म्हटलं, "भाऊ, संपेल तेव्हा." दोन दिवसांनी फाटकाशी पुन्हा हजर. शेवटी मी सॉस वाटीत काढलं आणि बाटली त्यांच्या हातात दिली. एखाद्या गोष्टीच्या मागे लागावं ते सुपडूभाऊंनीच.

जळगावात आमची घरं भिंतीला भिंत लावून होती. ते मूळचे साक्रीकडचे, पण सगळी नोकरी तिथल्याच पाइपच्या कारखान्यात गेली. आणि ते प्यायचे. हे मी त्यांच्या पाठीमागे सांगते आहे असं कुणी समजू नये, कारण ते स्वतःच ओळख करून देताना सांगत, "मी सुपडू. पाइपना कारखानामा व्हतू. दारू पेत व्हतू, आते पेस नही." नवीन माणूस यावर पार बावचळून जायचा. भाऊंना त्याचं काही वाटत नसे. नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं, असा त्यांचा हिशेब.

बायको गेल्यावर मुलगा नीलेश त्यांना आपल्या घरी घेऊन आला. तो सुरतेला नोकरीला, महिन्याकाठी एकदा यायचा. घर खऱ्या अर्थाने चालवायची ती सून कल्पना. डाळ मिलच्या ऑफिसात ती बिलं करायची, बोलायला मोजकी, हिशेबाला चोख. तिने सासऱ्यांना मागची खोली दिली आणि अटही तेव्हाच सांगितली: ज्या दिवशी घ्याल, त्या दिवशी साक्रीची बस. गावी भाऊंचं सख्खं कुणी उरलं नव्हतं. त्यामुळे ती मागची खोली टिकवणं हेच त्यांचं निवृत्तीनंतरचं काम होतं, आणि ते त्यांना पुरतं ठाऊक होतं.

पण नुसतं न पिणं हे काही दिवसभर पुरणारं काम नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या गाडीवर रावेरची केळी यायची. संध्याकाळी साल काळी पडलेले घड गाडीवाला गाईंपुढे टाकायचा. ते भाऊ मागून आणू लागले. कारखान्याच्या कॅन्टीनमधल्या आचाऱ्याकडून ते केळीचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, करायला शिकले होते. केळी कुस्करायची, गूळ-पाणी घालायचं, बरणीच्या तोंडाला फडकं बांधायचं आणि वाट बघायची. महिना-दीड महिन्याने त्याचा असा झकास सिरका होई की त्यात मुरलेल्या कांद्यापुढे भरतासोबतचा साधा कांदा फिका पडावा.

आता सिरका ठेवायचा तर काच हवी, झाकण घट्ट हवं. आणि जळगावच्या भंगारात जाड काचेची, घट्ट झाकणाची बाटली कशाची मिळते? अर्थातच दारूची. ज्या वस्तूपासून माणूस पळत होता, तिचीच भांडी त्याला गोळा करावी लागत होती. भंगारवाल्याला त्यांनी सांगून ठेवलं होतं की बाटल्या आधी उलट्या करून उन्हात ठेवायच्या, तळातला थेंबन् थेंब वाळला की मगच द्यायच्या. घरी आल्यावरही ते नळी लांबून धरून बाटल्या धूत आणि धुताना तोंड फिरवून घेत.

लेबल मात्र बाटलीवर तसंच असायचं. ते असताना बाटली कल्पनाच्या घरात उभीसुद्धा राहू शकत नव्हती. अर्धवट निघालेलं तर त्याहून वाईट. कागद गेला आणि गोंद राहिला की त्यावर धूळ बसते, बरोबर लेबलाच्याच आकाराचा काळा चौकोन उठतो, आणि बाटली कशाची होती ते शेंबडं पोरही ओळखतं. सुरुवातीला भाऊंना हे जमत नव्हतं. ते ओल्या लेबलावर सुरी घासत बसायचे, काचेवर ओरखडे उठायचे आणि गोंद तसाच. मग कुणीतरी सांगितलं, थिनर वापरा. रंगाच्या दुकानातून त्यांनी थिनर आणलं. चिंधी बुडवून फिरवली की गोंद चुटकीसरशी साफ! भाऊ खूश. पण त्या खुशीत एका गोष्टीचा त्यांना विसर पडला.

कल्पना संध्याकाळी कामावरून आली. दार उघडताच वास. मागच्या पायरीवर दारूच्या बाटल्यांची रांग, सासऱ्यांचे डोळे लाल, सदऱ्याला तो दर्प. तिने एक शब्द विचारला नाही. आत गेली, त्यांची पिशवी भरली आणि पुढच्या अंगणात आणून ठेवली. भाऊ पिशवी उचलून आमच्या दारातल्या ओट्यावर येऊन बसले. एवढ्या तेवढ्या गोष्टीवर हुज्जत घालणारा हा माणूस, पण त्या दिवशी तोंडातून चकार शब्द काढला नाही.

मला राहवेना. मी मागच्या पायरीवरची ती चिंधी उचलून तडक कल्पनाकडे गेले. "हुंगून बघ. रंगाच्या दुकानातला वास आहे हा. दारूचा आहे का?"

तिने चिंधीकडे पाहिलंसुद्धा नाही. "काकू, असेल तुमचं खरं. पण मला यातला आणि त्यातला फरक शिकायचा नाहीये. आबा या घरात आल्यापासून रोज संध्याकाळी दार उघडताना मी आधी वास घेत आलेय. आता मला माझ्या घरात वास न घेता शिरायचंय."

मी तशीच परत आले आणि भाऊंवरच चिडले. म्हटलं, तुम्ही तरी तोंड उघडून सांगायचं ना, मी प्यायलो नाही म्हणून!

"तिन्हं काही चुकनं नही, ताई," ते म्हणाले. "मी इतला वरीस खोटं बोलनू. आते एक दिन खरं बोलसू, ते कोन मानी?"

रात्री जेवणाच्या वेळी कल्पनाने ताट वाढून हाक मारली, "आबा, जेवायला या." पिशवी त्यांनीच आत नेली. माफी कुणी मागितली नाही, कुणी दिलीही नाही. थिनरची बाटली मात्र दुसऱ्याच दिवशी रंगाच्या दुकानात परत गेली.

तिथून पुढे भाऊंनी बिनवासाची पद्धत बसवली आणि त्यात ते इतके तरबेज झाले की गल्लीतल्या बायका त्यांच्याकडे बरण्या आणून देऊ लागल्या. कागदी लेबल असेल तर गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून बाटली बुडवून ठेवायची, कागद आपण होऊन सुटतो. प्लॅस्टिकचं असेल तर पाणी लावायचंच नाही. बाटली आधी उन्हात तापवायची आणि कोपऱ्यापासून सावकाश सोलत न्यायचं. मागे राहिलेल्या गोंदावर शेंगदाण्याचं तेल आणि खाण्याचा सोडा कालवून थापायचा, पुन्हा उन्हात ठेवायचं, मग काथ्याने पुसायचं. शेवटी साबण आणि कढत पाणी, कारण तेलाचा अंश राहिला तर सिरका बिघडतो. मे महिन्यात आमच्याकडचं ऊन माणसाला नकोसं करतं, पण भाऊ त्या उन्हावर बेहद्द खूश असत. गच्चीवर तेल माखलेल्या बाटल्या मांडून ते सावलीला बसून राहत. मी घाई केली की म्हणत, "घाई करी ते कागद जास, गोंद ऱ्हास."

मी कॉलेजात ग्रंथपाल. पुस्तकांच्या पाठीवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवण्यात माझी उमर गेली. ते कळल्यापासून त्यांना मला चिडवायला कायमचं निमित्त मिळालं. "तुमी जलमभर चिकाडतस, मी जलमभर काढस. सरकार तुमलेच पगार देस." मी म्हणायची, "भाऊ, तुमच्या हाती माझं ग्रंथालय लागलं तर एक पुस्तक जागेवर सापडायचं नाही." यावर ते खुदकन हसत. हसताना त्यांचे पुढचे पडलेले दात दिसत. ते कधी आणि कसे पडले, ते मी विचारलं नाही.

थिनरच्या त्या प्रकरणानंतर एके दिवशी ते बरणी घेऊन माझ्याकडे आले. नुकतीच केळी घातलेली, तोंडाला फडकं बांधलेली. म्हणाले, हिला तुमच्याकडे ठेवा. मला कळेना. तेव्हा त्यांनी समजावलं की केळी-गुळाचा एकदम सिरका होत नाही. आधी ते फसफसतं, मग त्याची दारू होते, आणि आणखी थांबलं की ती दारू आंबट होऊन सिरका होतो. "मधला दिनमा ती दारूच शे, ताई. ती मन्हा घरमा नको."

"आणि कळणार कसं, मधले दिवस संपले म्हणून?"

"चाखाले लागी. पन मी चाखाव नही. तुमी चाखा. मन्ही जीभवर मन्हा भरोसा नही."

म्हणजे हा सिरका करणारा माणूस स्वतःचा सिरका तयार होईपर्यंत चाखत नव्हता! घरात साधा बडीशेपेचा अर्कही न ठेवणाऱ्या माझ्यासारख्या बाईवर केळीची दारू सांभाळायची आणि वर चमचा चमचा चाखून बघायची पाळी आली. चिलटं आली, वास सुटला. माझे दीर मुक्कामाला आले होते, ते दोन दिवस नाक उडवत हिंडले आणि जाताना वहिनींची काळजी घ्या असं माझ्या नवऱ्याला बजावून गेले.

आमच्या घराची एक किल्ली भाऊंकडे असायची. आम्ही बाहेरगावी गेलो की ते झाडांना पाणी घालत. बरणी आली त्याच दिवशी त्यांनी ती किल्ली आणून माझ्या हातात ठेवली.  आणि तेव्हापासून, बरणी माझ्याकडे असेपर्यंत, त्यांनी आमच्या घरात पाऊल टाकणं बंद केलं. एरवी चहाला हक्काने आत येणारा माणूस रोज संध्याकाळी फाटकाबाहेर उभा राहून विचारायचा, "ताई, कोठे पोहोचनं?" जणू धुळ्याहून सुटलेल्या बसची चौकशी. मी खिडकीतून ओरडायची, "अजून दारूच आहे, भाऊ!" रस्त्याने जाणारे थबकून माझ्याकडे बघत. आंबटपणा आला असं मी सांगितलं की मगच ते फाटक उघडून आत येत, बरणी उचलत, आणि त्या दिवशी दोन कप चहा पीत.

अशी कितीतरी वेळा बरणी माझ्याकडे आली आणि गेली. कल्पनाला हे सगळं दिसत होतं.  पण तो सिरका तिने कधी तोंडाला लावला नाही.

मी निवृत्त झाले आणि आम्ही नाशिकला मुलीजवळ जायचं ठरवलं. टेम्पो दाराशी लागला तेव्हा स्वयंपाकघर रिकामं झालं होतं, ओट्यावर एकच वस्तू उरली होती. बरणी. आणि ती नेमकी मधल्या दिवसांत होती. भाऊ फाटकाबाहेर उभे होते. मी विचारलं, हिचं काय करायचं?

"मोरीमा ओती द्या," ते म्हणाले. "आते बंद करसू. तुमी जाई राहिनात, मंग कोन सांभाळी?" आवाज नेहमीचाच होता, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. मला फार वाईट वाटलं. त्यांच्या दिवसांना त्या बरणीनेच काही आकार दिला होता, आणि माझ्या जाण्याने तेच संपणार होतं.

कल्पना टेम्पोवाल्यांना चहा घेऊन आली होती. तिने ट्रे माझ्या हातात दिला, सरळ स्वयंपाकघरात गेली आणि बरणी कडेवर घेऊन बाहेर आली. भाऊ एकदम मागे सरकले.

"कल्पना, नको. माले भ्या वाटस."

"मला नाही वाटत आता," ती म्हणाली.

बरणी तिने कठड्यावर टेकवली. ट्रेमधला एक चमचा घेतला, फडकं सोडलं, चमचा बुडवला आणि जिभेला लावला. आयुष्यात पहिल्यांदाच असणार. तिने डोळे गच्च मिटले, तोंड कडूझार झालं, पण थुंकली नाही. गिळलं.

"अजून दारूच आहे, आबा," ती म्हणाली. "थांबावं लागेल. मी सांगेन तुम्हाला." आणि फडकं बांधून बरणी आपल्या घरात घेऊन गेली.

भाऊ रस्त्यावरच उभे राहिले. बरणी ज्या घरात असेल तिथे जायचं नाही हा त्यांचा नेम, आणि आता ती त्यांच्याच घरात गेली होती. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी ट्रे हातात घेऊन तशीच उभी. तेवढ्यात आतून कल्पनाची हाक आली, "आबा, बाहेर का उभे? आत या."

त्यांनी चपला काढल्या आणि ते आत गेले.